मुलांची सामान्यज्ञान स्पर्धा : ‘कोण’ आणि ‘किती’च्या पुढचे प्रश्न सुचवा

केतकी_कोथरूड

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा मुलांची सामान्यज्ञान स्पर्धा माझ्याकडे आली आहे. वयोगट ८ ते १२. विषय ठरलेत : इतिहास, सणवार, खेळ आणि भूगोल. गणपती १४ सप्टेंबरला, त्यामुळे हाताशी वेळ आहे.

बाजारात मिळणारे प्रश्नसंच चाळले. ‘महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कोणते? कळसूबाई. उंची किती? १६४६ मीटर.’ पानंच्या पानं अशीच. त्यात गैर काही नाही, पण मग ज्याचं पाठांतर चांगलं त्याला बक्षीस, आणि बाकीची पोरं दुसऱ्या फेरीतच उठून वडापावच्या टेबलाकडे. मला असे प्रश्न हवेत ज्यांचं उत्तर मुलांना आपापसांत बोलून, डोकं लढवून काढता येईल. आणि एकदा कळलं की घरी जाऊन ती आजीला विचारतील, ‘तुला माहितीये का?’

मासला म्हणून एक देते. गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. तरी ती तिकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. का?

असे प्रश्न सुचवा. उत्तरासकट लिहिलंत तर फार बरं.

निनाद

छान धागा. वाचनखूण साठवली. आमच्याकडेही दरवर्षी हाच घोळ असतो.

सह्यभटक्या

केतकी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मुलांना तोंडी सांगू नका, करून दाखवा. मोठा ट्रे घ्या, त्यात ओली वाळू पसरा. एका कडेला वाळूची उंच भिंत करा, तो सह्याद्री. भिंतीच्या एका बाजूला एकदम उतार, ते कोकण. दुसऱ्या बाजूला लांबलचक मंद उतार, ते पठार. आता भिंतीच्या माथ्याच्या किंचित पूर्वेला तांब्याने बारीक धार सोडा. पाणी भिंत चढून कोकणात जात नाही, पठारावरून वाट काढत दुसऱ्या टोकाला पोचतं. समुद्र किती जवळ आहे याच्याशी पाण्याला देणंघेणं नसतं, त्याला उतार कळतो. ट्रेकच्या मुलांसोबत मी हे करतो. वाळूत नदीचं पात्र तयार होताना बघायला दहा वर्षांचं पोर अख्खं ट्रेमध्ये वाकतं.

याच्या पुढचा प्रश्न विचारा : ‘आपल्या इमारतीच्या गच्चीवर पडलेलं पावसाचं पाणी शेवटी कोणत्या समुद्रात जातं?’ पुण्याची बहुतेक मुलं अरबी समुद्र सांगतात, कारण सुट्टीत तोच पाहिलेला असतो. उत्तर : मुठा, मग मुळा-मुठा, मग भीमा, रायचूरच्या बाजूला कृष्णा, आणि आंध्रात बंगालचा उपसागर.

केतकी_कोथरूड

गच्चीचा प्रश्न पक्का! आत्ताच लेकीला विचारला. ती म्हणाली, “पण पाऊस अरबी समुद्राकडून येतो ना? मग पाणी दुसऱ्याच समुद्राला का देतो आपण?” आता हाही स्पर्धेत घेते.

गुरुजी_कराड

मी चौथी-पाचवीला बरीच वर्षं शिकवलं आहे, म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. पाठांतराला इतकं खाली ढकलू नका. ज्या मुलाला कृष्णा, भीमा, गोदावरी ही नावंच ठाऊक नाहीत, त्याला ‘का’ विचारून काय हाती लागणार? ‘का’ टांगायला आधी खुंटी लागते. नावं, सनावळ्या, जिल्हे या त्या खुंट्या. शिष्यवृत्तीच्या वर्गात मी आधी जिल्हे घोकून घ्यायचो आणि मगच गोष्ट सांगायचो.

मात्र घोकताना क्रम असा ठेवायचा की गोष्ट आपोआप तयार होते. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा जिल्हे २६ होते, आज ३६. मग वाढले ते दहा कोणते आणि कोणातून निघाले? रत्नागिरीतून सिंधुदुर्ग (१९८१), चंद्रपुरातून गडचिरोली (१९८२), धुळ्यातून नंदुरबार आणि अकोल्यातून वाशिम (१९९८), परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया (१९९९), ठाण्यातून पालघर (१ ऑगस्ट २०१४). जालना, लातूर आणि मुंबई उपनगर मुलांना शोधू द्या. मुलं नकाशावर बोट ठेवून जोड्या लावतात आणि जिल्हे पाठ कधी झाले ते त्यांनाही कळत नाही. फक्त नकाशा नवा घ्या. जुन्या नकाशांत अहिल्यानगर, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर ही नावं सापडत नाहीत आणि मुलं गोंधळतात.

वैदर्भी

गुरुजी, खुंट्यांचं पटलं. पण स्पर्धेत खुंट्यांचेच गुण मोजले जातात आणि गोष्ट राहून जाते, ही केतकीची तक्रार मलाही पटते. माझा मुलगा राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण, राज्यफुलपाखरू राणी पाकोळी असं एका दमात म्हणून दाखवतो. परवा बागेत ताम्हण अंगभर जांभळं फुललेलं होतं आणि हा त्याच्या खालून सायकल दामटत गेला. मी थांबवून दाखवल्यावर “हेच ते?” म्हणून जागच्या जागी उभा राहिला. म्हणून एक फेरी चित्रांची, जमलं तर खऱ्या पानाफुलांची ठेवा.

गच्चीच्या प्रश्नाचं नागपूरचं उत्तर : नाग नदी, कन्हान, वैनगंगा, पुढे प्राणहिता आणि मग गोदावरी. म्हणजे शेवटी बंगालचा उपसागरच.

आजोबा_नाशिक

वा! म्हणजे वैदर्भी, तुमच्या गच्चीचं आणि माझ्या गच्चीचं पाणी गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ एकमेकांना भेटतं. प्राणहिता-गोदावरीचा संगम तिथेच. नातवाला आज हेच दाखवतो नकाशावर.

मांडवीकाठ

पणजीचं पाणी सरळ मांडवी आणि अरबी समुद्र. आम्ही सुटलो लवकर :)

इतिहासासाठी गोव्याकडून एक प्रश्न घ्या : ‘१५ ऑगस्ट १९४७ ला आजचा सगळा भारत स्वतंत्र झाला का?’ मुलं हमखास ‘हो’ म्हणतात. मग नकाशावर रंगीत टाचण्या लावायच्या. हैदराबाद संस्थानातला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. दादरा-नगर हवेली १९५४. गोवा, दमण, दीव १९ डिसेंबर १९६१, भारतीय सैन्याच्या ‘ऑपरेशन विजय’नंतर. पोर्तुगीज गोव्यात १५१० ला आले होते, म्हणजे साडेचारशे वर्षांहून जास्त काळ. आणि गोव्याला घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७ ला मिळाला, देशाचं २५ वं राज्य म्हणून.

माझे वडील सांगतात, त्यांच्या वर्गात भारताच्या स्वातंत्र्याचा धडा पोर्तुगीज राजवट गेल्यानंतरच आला. आमच्या मुलांना १९ डिसेंबरची सुट्टी आवडते, पण ती कशासाठी आहे हे शाळेबाहेरही सांगावं लागतं.

निनाद

हा प्रश्न मोठ्यांनाही विचारावा. मराठवाड्याबाहेर १७ सप्टेंबर किती जणांना आठवतो?

आणि १ मे चा एक घ्या : ‘महाराष्ट्राचा वाढदिवस ज्या दिवशी, त्याच दिवशी आणखी कोणत्या राज्याचा?’ गुजरात. द्विभाषिक मुंबई राज्याचे दोन भाग झाले. तिथून संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, हुतात्मा चौक, सगळं सांगता येतं.

खोखोवाली

खेळांत क्रिकेटच्या धावा विचारत बसू नका, कृपा करा. खो-खो घ्या. प्रश्न : ‘पाटीवर शेजारीशेजारी बसलेले दोघं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून का बसतात?’

शाळेत खेळलेली मुलंही क्षणभर थांबतात. मग त्यांना जागेवर बसवा आणि पळायला लावा. पाठलाग करणाऱ्याला दोन खांबांच्या मधली रेषा ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा पकडली की मागे फिरता येत नाही. पळणारा मात्र मोकळा, या बाजूने त्या बाजूला कुठेही शिरतो. मग तो पलीकडे गेला की तिकडे तोंड करून बसलेल्याला खो द्यायचा. सगळे एकाच बाजूला तोंड करून बसले तर पलीकडची बाजू मोकळी राहील. मुलांना नियमामागचं डोकं कळलं की साखळी कशी पळायची हेही आपोआप कळतं.

आणि हे नक्की सांगा की खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. माझ्या काळात आमचं मैदान म्हणजे शाळेमागची मुरमाड जागा, गुडघे सोललेले, आणि घरून ‘मुलींनी किती ते धावायचं’. प्रियांकाच्या हातात तो चषक बघून मी टीव्हीसमोर रडले.

केतकी_कोथरूड

खोखोवाली, हा प्रश्न मैदानातच विचारणार. पार्किंगमध्ये खडूने पाटी आखून घेते.

सह्यभटक्या

खेळाचा विषय निघालाय तर एक खबरदारी. बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात ‘भारताचा राष्ट्रीय खेळ : हॉकी’ असं छापलेलं असतं. २०१२ मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात सरकारला हे विचारलं, तेव्हा क्रीडा मंत्रालयाने कळवलं की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. प्रश्न वगळण्यापेक्षा हीच गोष्ट सांगा. शाळेच्या पुस्तकातलं एक वाक्य एका मुलीला खटकलं, तिने पत्र लिहिलं आणि सरकारला उत्तर द्यावं लागलं. मुलांना यापेक्षा चांगला धडा कोणता?

गुरुजी_कराड

चांगली आठवण केलीत. आता आमच्या मातीतला प्रश्न घ्या.

खाशाबा जाधव. कराडजवळचं गोळेश्वर हे त्यांचं गाव. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एवढं सगळ्या पुस्तकांत असतं. यातला ‘का’ मी असा विचारतो : १९४८ ला लंडनला ते सहावे आले, मग चार वर्षांत काय बदललं?

आपल्याकडची कुस्ती लाल मातीत. माती पाय धरून ठेवते, पकड वेगळी, तोल वेगळा. लंडनला मॅट. नियम वेगळे, गुण मोजायची पद्धत वेगळी. मुलांना मी शाळेत आधी रेतीच्या खड्ड्यात उभं करायचो आणि मग सतरंजीवर, एकमेकांना ढकला म्हणायचो. फरक अंगाला कळतो. चार वर्षं खाशाबांनी त्यासाठी घाम गाळला. आणि हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती पाहिलेली म्हातारी माणसं आमच्या लहानपणी पारावर बसून सांगायची आणि दरवेळी गाड्यांचा आकडा वाढलेला असायचा.

त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी, तो आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. २९ ऑगस्ट, म्हणजे ध्यानचंदांचा जन्मदिवस, हा राष्ट्रीय क्रीडा दिन. दोन्ही दिवस विचारा, पण गोष्टीसकट.

निनाद

गुरुजी, अंगावर काटा आला. एक बारकावा सुचवतो. प्रश्न लिहिताना ‘स्वतंत्र भारताचं’ हा शब्द गाळू नका. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्यात दोन रौप्यपदकं मिळवली होती. एखादं हुशार पोर उठून तेच सांगेल आणि परीक्षकांची पंचाईत होईल.

गुरुजी_कराड

@निनाद, बरोबर. आणि ते पोर उठलं तर त्याला जादा गुण द्यावेत.

पुढचा धागा असा जोडा : खाशाबांनंतर दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देश ४४ वर्षं थांबला. लिएंडर पेस, अटलांटा, १९९६, टेनिस. आणि महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली : स्वप्नील कुसाळे, पॅरिस, २०२४, ५० मीटर रायफलच्या थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्य. गाव कांबळवाडी, तालुका राधानगरी. म्हणजे कोल्हापूर जिल्हाच! वजाबाकीची फेरी तयार झाली बघा.

राधिका_हायडेलबर्ग

बरेच दिवस वाचत होते, आता राहवेना. मी जर्मनीत हायडेलबर्गला राहते. आमच्या रविवारच्या मराठी वर्गात मुलांना महाराष्ट्राचा इतिहास सांगताना नेहमी अडचण येते, कारण सगळं फार लांब वाटतं त्यांना. मग मी मुरलीकांत पेटकर सांगितले.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं. मग पोहायला लागले आणि १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक. आणि ते पॅरालिंपिक झालं कुठे? हायडेलबर्गला! म्युनिकला ऑलिंपिक झालं त्याच वर्षी. आमच्या पोरांचे डोळे विस्फारले. “आपल्या गावात? मराठी माणूस?” पुढच्या रविवारी दोघांनी त्यांच्या जर्मन शाळेत यावर बोलून दाखवलं.

२०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून माझी सूचना : परदेशातली मुलं येणार असतील तर ‘तुमच्या गावाचा महाराष्ट्राशी काय संबंध’ अशी एक फेरी ठेवा. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात मोठा मराठी शिलालेख आहे, असे धागे खूप सापडतात.

(आमच्या गच्चीचं पाणी : नेकार, मग ऱ्हाईन, मग उत्तर समुद्र.)

खोखोवाली

राधिका, लेकाला वाचून दाखवलं. त्याने लगेच विचारलं की गोळ्या लागल्यावर पोहायला कसं शिकले.

आजोबा_नाशिक

सणवार मागे पडले. त्यात मला एक बारीक काम करू द्या. केतकीताईंनी वरच गणपती १४ सप्टेंबरला असं लिहिलं आहे. गेल्या वर्षी तो २७ ऑगस्टला होता. मुलांना हाच प्रश्न घाला : गणपती एवढा उशिरा का आला?

हे पाटीवर करून दाखवता येतं. चंद्राच्या बारा महिन्यांचे दिवस साधारण ३५४, सूर्याच्या वर्षाचे ३६५. फरक ११ दिवसांचा. म्हणजे आपले सण दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकायला हवेत. २७ ऑगस्टातून ११ वजा केले तर १६ ऑगस्ट. पण यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आला. चंद्राचा महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून १६ ऑगस्टात २९ दिवस मिळवा. किती झाले? १४ सप्टेंबर! नातवाने स्वतः बेरीज केली आणि कालनिर्णयाकडे धावत गेला, बरोबर आहे का पाहायला. अधिक महिन्यात जावयाला वाण देतात एवढंच त्याला ठाऊक होतं, त्या महिन्याचं कामही कळलं.

लगेच पुढचा प्रश्न : ईद कधी थंडीत, कधी उन्हाळ्यात का येते? इस्लामी कालगणनेत अधिक महिना नाही, त्यामुळे ती सरकत सरकत सगळ्या ऋतूंतून फिरते. आमच्या शेजारच्या घरी शीरखुर्मा खायला जाताना नातवाने हे त्यांच्या आजीला समजावून सांगितलं. तिने त्याला दोन वाट्या दिल्या.

आणि संक्रांत मात्र १४ जानेवारीलाच का? कारण ती सूर्यावर चालते. पण तीही अगदी स्थिर नाही. साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी संक्रांत होती. आता कधी १४, कधी १५.

वैदर्भी

आजोबा, तुम्हीच स्पर्धा घ्या!

सणांत आमच्याकडचा तान्हा पोळा विसरू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडाचे नंदीबैल सजवून दारोदार जातात आणि खाऊ, पैसे मिळवतात. पुण्यातल्या मुलांना विचारा, लाकडाचा बैल रस्त्यावर कधी आणि कुठे चालतो.

मांडवीकाठ

मग २४ जूनचा सांजांव घ्या. डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून गोव्यात लोक विहिरीत उड्या मारतात. संत जॉन बाप्तिस्त यांचा जन्मदिवस. ‘पावसाळ्यात भरलेल्या विहिरीत उडी मारायचा सण कोणता’ हे ऐकूनच मुलं खूश.

सह्यभटक्या

विहिरीवरून आठवलं. सिंधुदुर्ग. मालवणच्या समुद्रात, कुरटे बेटावर, बांधकामाला सुरुवात नोव्हेंबर १६६४. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. कसं काय? बेटावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि गोडं पाणी खाऱ्याहून हलकं म्हणून खाली शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगून राहतं. घरी एका काचेच्या ग्लासात मिठाचं रंगीत पाणी घ्या, वर चमच्याने हळूच साधं पाणी सोडा, दोन थर दिसतात. गड बांधायला बेट निवडताना पिण्याचं पाणी आधी पाहिलं जातं, हे मुलांना पटतं.

आणि २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेले आपले १२ किल्ले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि जिंजी. यांतला महाराष्ट्राबाहेरचा कोणता आणि तो यादीत का? जिंजी तमिळनाडूत. रायगड मोगलांकडे गेल्यावर राजाराम महाराजांनी तिथून स्वराज्य लढतं ठेवलं, १६९८ पर्यंत.

खानदेशी

धागा वर काढतो. उशिरा आलो, पण माझी एक शंका कोणीच काढली नाही. सह्यभटक्या म्हणतात पठाराचा उतार पूर्वेला, म्हणून गोदावरी, कृष्णा पूर्वेला. मान्य. मग आमची तापी पश्चिमेला का? जळगावच्या गच्चीचं पाणी गिरणेतून तापीत आणि तापीतून सुरतेजवळ अरबी समुद्रात जातं. हुशार पोर हे विचारणारच!

सह्यभटक्या

@खानदेशी, वा, हाच खरा अंतिम फेरीचा प्रश्न. नर्मदा आणि तापी पठाराच्या उतारावरून वाहत नाहीत. तिथे फार प्राचीन काळी जमीन भेगांच्या दरम्यान खचली, सातपुड्याच्या दोन बाजूंना लांब दऱ्या झाल्या आणि त्यांचा उतार पश्चिमेकडे. वाळूच्या ट्रेमध्ये दोन बोटांनी उलट्या दिशेला एक लांब चर ओढा आणि तिथे धार सोडा. पाणी त्या चरातूनच जाईल.

गुरुजी_कराड

खानदेशींची शंका हीच माझ्या मुद्द्याची साक्ष. तापी आधी पाठ असल्याशिवाय ही शंका सुचलीच नसती.

खानदेशी

गुरुजी, मी तापी पाठ केली नाही, तिच्यात पोहलो :)

केतकी_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्तापर्यंत ठरलं ते असं.

चार-चार मुलांचे गट, वेगवेगळ्या वयाची एकत्र, म्हणजे आठ वर्षांच्या पोरालाही बोलायला वाव. घंटी नाही. घंटीवर नेहमी तीच दोन मुलं हात मारतात. प्रत्येक प्रश्नाचे दोन भाग : आधी गुरुजींची खुंटी (नाव, साल, जागा) एका गुणाची, मग ‘का’ तीन गुणांचा, त्यासाठी गटाला दोन मिनिटं बोलायला. ‘का’चं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, पण विचार नीट केला असेल तर दोन गुण.

वाळूचा ट्रे, ग्लासातलं रंगीत पाणी आणि खो-खोची पाटी हे तीन प्रयोग नक्की. आजोबांचा गणपतीचा हिशेब फळ्यावर. शेवटची फेरी गच्चीच्या पाण्याची, त्यात आईबाबाही भाग घेणार. तापी राखून ठेवली आहे.

एकच अडचण उरली : बक्षीस काय द्यायचं? कंपासपेट्या आणि पाण्याच्या बाटल्या मुलांकडे ढिगाने आहेत.

आजोबा_नाशिक

महाराष्ट्राचा भिंतीवर लावायचा प्राकृतिक नकाशा द्या, डोंगर-नद्या रंगांत दाखवणारा. पहिल्या गटालाच नको, सगळ्यांना द्या. वर्गणी कमी पडली तर इथल्या सभासदांना सांगा, माझ्याकडून दहा नकाशे धरा.

राधिका_हायडेलबर्ग

मीही पाठवते. आणि गुरुजी, खाशाबांचा प्रश्न जसा वर लिहिलात तसाच मोठ्या अक्षरांत एका पानावर उतरवून धाग्यात टाकाल का? आमच्या वर्गातही वापरेन. इथे रेतीचा खड्डा आहे, सतरंजीऐवजी ज्युदोची मॅट मिळेल.

गुरुजी_कराड

रविवारपर्यंत टाकतो. बैलगाड्यांचं चित्र नात काढून देणार आहे.